लातूरला समुद्र कोठून आला?

"सर, लातूरला समुद्र आलाय बघा!"

चाकूर तालुक्यातील एका शाळेच्या संगणक कक्षात नववीतील एक मुलगी मला हे सांगत होती. तिच्या मागे उभी असलेली मुले हसू दाबत होती. मी पडद्यापाशी गेलो, तर तिचे म्हणणे अगदी खरे निघाले. विमानोड्डाणाची हुबेहूब नक्कल करणारी एक आज्ञावली संगणकावर चालू होती. उड्डाणाचे ठिकाण म्हणून मुलांनी लातूरचा विमानतळ निवडला होता. विमान दिसत होते, वैमानिकासमोरची उंची व वेग दाखवणारी घड्याळेही दिसत होती. पण धावपट्टी कोठेच नव्हती. चहूकडे क्षितिजापर्यंत निळेशार पाणी आणि त्या पाण्यावर आमचे विमान! ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच लातूरला संगणकाने समुद्रात बुडवले होते.

"मग तुम्ही काय केलेत?" मी विचारले.

"दोनदा पुसून परत टाकलं, सर. तरी तसंच."

विद्यार्थिमित्रांनो, या समुद्राचा उगम आम्ही त्या दुपारी शोधून काढला. ती हकीकत मी सांगणारच आहे. पण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तो समुद्र नसून "पुसून परत टाकलं" हे तीन शब्द आहेत. संगणक अडला की आज्ञावली पुसायची आणि पुन्हा बसवायची, हा उपाय आता शाळाशाळांतून इतका रूढ झाला आहे की, बिघाडाचे कारण शोधायचे असते हेच आपण विसरत चाललो आहोत. दीड-दोन गिगाबाइटची आज्ञावली पुन्हा बसवण्यात त्या मुलांच्या दोन दुपारी गेल्या, आणि हाती काय आले? समुद्रच! माझे मत असे आहे की, आपल्या संगणक शिक्षणात एक पहिला धडाच गाळला गेला आहे. तो धडा म्हणजे 'वस्तू कोठे आहे हे नेमके सांगणे.'

आज्ञावली आणि तिचे सामान

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना जुनी आहे. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने १९२९ मध्ये असे एक यंत्र तयार केले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन हे वाद्य बनवण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतील हवेच्या भात्यांचाच उपयोग करून त्याने विद्यार्थ्याची बैठक विमानासारखी हलती केली. आज तेच काम संगणक करतो. आमच्या मुलांकडे होती ती 'फ्लाइटगियर' ही आज्ञावली. १९९७ पासून ती विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिची घडण कोणालाही उघडून पाहता येते.

अशी आज्ञावली म्हणजे एकच एक वस्तू आहे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिचे दोन भाग असतात. एक भाग गणित करणारा: पंखावर किती बल पडेल, नाक किती वर उचलले जाईल, वेग किती उरेल, याचा तो सतत हिशेब करतो. दुसरा भाग म्हणजे सामान: विमानांचे आराखडे, विमानतळांची यादी, डोंगर, नद्या आणि शेते यांचे नकाशे. हे सामान असंख्य फाइलींत विभागलेले असते. साऱ्या जगाची जमीन एका संगणकात मावणे कठीण, म्हणून मूळ संचाबरोबर फार थोडी जमीन येते. इंटरनेट असेल तर बाकीची जमीन लागेल तशी उतरवून घेता येते, नसेल तर ती दुसरीकडून आणून ठेवावी लागते.

ही जमीन मांडून ठेवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पृथ्वीचे १० अंश रेखांश व १० अंश अक्षांश यांचे मोठे चौकोन केलेले असतात आणि त्या प्रत्येकात एक अंशाचे लहान चौकोन. चौकोनाच्या नैर्ऋत्येकडील कोपऱ्यावरून त्याच्या फोल्डरला नाव दिले जाते. चाकूर साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांश व ७६.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणून चाकूरची जमीन 'ई०७०एन१०' या मोठ्या फोल्डरातील 'ई०७६एन१८' या लहान फोल्डरात सापडते. ही नावे रोमन अक्षरांत असतात. 'ई' म्हणजे पूर्व आणि 'एन' म्हणजे उत्तर. लातूर शहरही याच चौकोनात येते. नांदेड मात्र येत नाही. ते ७७ रेखांशाच्या पूर्वेला व १९ अक्षांशाच्या उत्तरेला असल्याने त्याचा फोल्डर 'ई०७७एन१९'. भूगोलाच्या तासाला नकाशावर ओढलेल्या त्या उभ्या-आडव्या रेषा येथे कपाटाचे कप्पे बनून येतात!

आता मुख्य गोष्ट. एखाद्या ठिकाणची जमीन सापडली नाही तर ही आज्ञावली थांबत नाही. तेथे समुद्र आहे असे धरून ती पाणी दाखवते आणि पुढे चालू लागते. म्हणजे लातूरचा तो समुद्र हा बिघाड नव्हताच. "तुम्ही सांगितलेल्या जागी मला जमीन मिळाली नाही" असा तो निरोप होता. तो आम्हांला वाचता आला पाहिजे, एवढेच.

पत्ता पुरा आणि अपुरा

फाइलीच्या पत्त्याला संगणकाच्या भाषेत 'पाथ' म्हणतात. आपण पत्र पाठवताना लिहितो: मुक्काम पोस्ट वडवळ नागनाथ, तालुका चाकूर, जिल्हा लातूर. संगणक हाच पत्ता उलट क्रमाने लिहितो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि शेवटी घर, म्हणजे फाइल. मध्ये तिरक्या रेघा. असा मुळापासून लिहिलेला पत्ता पुरा असतो. कोठेही उभे राहून वाचा, तो एकाच जागी नेतो. याउलट "पुढच्या चौकातून उजवीकडे, तिसरे घर" हा पत्ता अपुरा, कारण तो तुम्ही कोठे उभे आहात यावर अवलंबून आहे. चाकूरच्या बसस्थानकावर तो एक घर दाखवील आणि अहमदपूरच्या बसस्थानकावर दुसरेच. आज्ञावली एका फोल्डरातून सुरू केली तर चालते आणि दुसऱ्यातून केली तर अडते, याचे कारण पुष्कळदा असा अपुरा पत्ता हेच असते.

नावातील थोडासा फरकही कसा नडतो, हे चाकूरच्या लोकांना सांगायला नको. आपल्याच तालुक्यात 'लातूर रोड' हे रेल्वेचे जंक्शन आहे. लातूर शहर तेथून तीसेक किलोमीटर दूर! बाहेरगावच्या पाहुण्याने "मी लातूरच्या स्टेशनावर उतरतो" असे कळवले, तर घरचा माणूस आधी विचारतो, "लातूर की लातूर रोड?" हा उलटा प्रश्न विचारणे ही माणसाची मोठी शक्ती आहे. संगणकात बहुधा ती नसते. तो दिलेल्या पत्त्यावर जातो, आणि तेथे काही नसेल तर रिकाम्या हाताने परततो.

आणखी एक उदाहरण पाहा. आज चाकूर तालुक्यात असलेला हा भाग १९५६ पूर्वी हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला आणि तो लातूरमध्ये गेला. पुढे २०२३ मध्ये उस्मानाबादचेही नाव धाराशिव झाले. या साऱ्या काळात गावे तसूभरही हलली नाहीत, विहिरी आणि देवळे जागच्या जागी राहिली. पण पत्ता मुळापासून बदलत गेला. जुन्या जिल्ह्याचे नाव घातलेले पत्र जाणत्या पोस्टमनने योग्य घरी पोचवले असते. आज्ञावली तसे करीत नाही. फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे हलवला, किंवा वरच्या एखाद्या फोल्डराचे नाव बदलले की, आतले सारे जुने पत्ते एकदम खोटे ठरतात.

दप्तरातील चिठ्ठी

मग आज्ञावलीला सामानाचा पत्ता कळतो तरी कसा? एक मार्ग म्हणजे ती सुरू करतानाच तिला तो सांगणे. दुसरा मार्ग म्हणजे संगणकात आधीच एक टिपण ठेवणे. या टिपणाला 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' असे जडशीळ नाव आहे. त्याला घाबरू नका. बीजगणितात आपण 'क्ष = ५' असे लिहितो. येथेही डावीकडे नाव आणि उजवीकडे किंमत. फ्लाइटगियरसाठी 'एफजी_रूट' या नावापुढे मुख्य सामानाचा पत्ता लिहायचा आणि 'एफजी_सीनरी' या नावापुढे जमिनीचा. बेल प्रयोगशाळेतील 'युनिक्स' या संगणकव्यवस्थेच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीपासून ही पद्धत चालत आली आहे.

मी मुलांना सांगितले, ही दप्तरातील चिठ्ठी समजा. सकाळी शाळेला निघताना आई दप्तरात चिठ्ठी ठेवते: "किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे." दुपारी आईने बेत बदलून किल्ली मामांकडे दिली, तरी तुमच्या दप्तरातील चिठ्ठी काकूंचेच नाव सांगणार. नवी चिठ्ठी दुसऱ्या दिवशीच्या दप्तरात येईल. आज्ञावलीचेही तसेच आहे. ती सुरू होते त्या क्षणी तिला चिठ्ठ्यांची एक प्रत मिळते. नंतर संगणकात मूळ चिठ्ठी बदलली, तरी चालू असलेल्या आज्ञावलीच्या हातात जुनीच प्रत राहते.

आणखी एक गोष्ट येथेच लक्षात ठेवा, कारण साऱ्या हकीकतीची किल्ली तीच आहे. ही चिठ्ठी आपण संगणकाजवळ ठेवलेली असते. आज्ञावली पुसली म्हणून ती पुसली जात नाही.

शोध

आता आमचा शोध ऐका. मी मुलांना पहिला प्रश्न विचारला, "विमान समुद्रात आहे, पण ते लातूरच्या अक्षांश-रेखांशावरच आहे ना?" त्यांनी आकडे पाहिले. होते. लातूर विमानतळाची आंतरराष्ट्रीय खूण व्ही-ओ-एल-टी अशी आहे. वाचली तर 'व्होल्ट', विद्युत्दाबाचे एकक! ती खूण देताच विमान योग्य जागी पोचले होते. म्हणजे विमानतळांची यादी आज्ञावलीला सापडली होती. ती यादी मुख्य सामानात असते. अर्थात मुख्य सामानाचा पत्ता बरोबर आणि जमिनीचा तेवढा चूक. संगणकाला हात न लावता निम्मे संशयित सुटले.

दुसरे काम, आज्ञावली कोठे पाहते आहे ते तिलाच विचारणे. विंडोज संगणकावर आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडून 'सेट' असे लिहिले की, साऱ्या चिठ्ठ्या पडद्यावर येतात. फ्लाइटगियरला तिची आवृत्ती विचारली तर तीही आपल्या सामानाचे पत्ते छापून दाखवते. आमच्या पडद्यावर एक ओळ आली: एफजी_सीनरी बरोबर ई:\सीनरी.

"पण सर, ई तर नाहीच या संगणकात!" मागून एक मुलगा ओरडला.

मग उलगडा झाला. पूर्वी कोणी तरी जमिनीच्या फाइली पेन ड्राइव्हवर ठेवून आज्ञावली चालवली होती आणि तशी चिठ्ठी लिहून ठेवली होती. पेन ड्राइव्ह गेला, चिठ्ठी राहिली. मुलांनी दोन वेळा पुसून बसवलेली आज्ञावली दोन्ही वेळा तीच चिठ्ठी वाचून त्याच रिकाम्या जागी गेली. ती शंभर वेळा बसवली असती तरी समुद्र शंभर वेळा आला असता.

आम्ही चिठ्ठी दुरुस्त करून 'डी:\सीनरी' असे लिहिले आणि त्याच खिडकीतून आज्ञावली पुन्हा सुरू केली. समुद्र! मुलांचे चेहरे पडले. पण सुरुवातीला बोललेली ती मुलगी म्हणाली, "सर, ही खिडकी आपण आधीच उघडली होती. हिच्या दप्तरात जुनीच चिठ्ठी असेल." तिने त्याच खिडकीत 'सेट' लिहून पाहिले. खरोखरच तेथे अजून 'ई' होते. खिडकी बंद केली, नवी उघडली. आता 'डी' दिसले.

तरीही समुद्र. मात्र आता कोणी "पुसू या" म्हणाले नाही. आम्ही स्वतः त्या पत्त्यावर जाऊन पाहिले. डी मध्ये सीनरी नावाचा फोल्डर होता. तो उघडला, तर आत पुन्हा सीनरी नावाचाच फोल्डर, आणि जमीन त्याच्या आत! दाबून बांधलेले गाठोडे सोडताना अशी डब्यात डबी नेहमी होते. चिठ्ठी बाहेरच्या डब्यापाशी थांबत होती. आतला फोल्डर बाहेर काढला, आज्ञावली सुरू केली, आणि समोर लातूरची धावपट्टी! त्या खोलीत झालेला आरडाओरडा शेजारच्या वर्गातील गुरुजींना येऊन थांबवावा लागला.

मुलांनी उड्डाण केले. नांदेडच्या रस्त्याचा माग धरून विमान ईशान्येकडे निघाले. चाकूर गेले, अहमदपूर मागे पडले आणि थोड्याच वेळात जमीन कड्यासारखी तुटून खाली पुन्हा समुद्र! या वेळी मात्र कोणी दचकले नाही. "सत्याहत्तर रेखांश आला," एकाने सांगितले. आम्ही फोल्डर पाहिला. शाळेत आणलेल्या फाइलींत 'ई०७६एन१८' हा एकच चौकोन होता. एका मुलाने वहीत नोंद केली: 'ई०७७एन१८ आणि ई०७७एन१९ आणणे.' समुद्र पाहून कोणता फोल्डर नाही ते मुले सांगू लागली होती. तासाभरापूर्वी हीच मुले आज्ञावली तिसऱ्यांदा पुसायला निघाली होती.

येथे दोन सूचना देऊन ठेवतो, कारण पुष्कळ शाळांत दोन प्रकारचे संगणक शेजारी असतात. विंडोजमध्ये पत्त्यातील रेघ डावीकडे कललेली असते, लिनक्समध्ये उजवीकडे. डॉसच्या १९८३ मधील दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरांची सोय आली, तेव्हा उजवीकडे कललेली रेघ आज्ञांतील दुसऱ्या कामासाठी आधीच वापरात होती, म्हणून हा फरक पडला. अनेक पत्ते ओळीने लिहिताना विंडोजमध्ये अर्धविराम लागतो, लिनक्समध्ये अपूर्णविराम. शिवाय रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर लिनक्सला वेगवेगळे वाटते, विंडोजला सहसा वाटत नाही. तेव्हा एका संगणकावर चालणारी चिठ्ठी दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवू नका.

खऱ्या विमानातील पत्ता

कोणी म्हणेल, पडद्यावरच्या खोट्या विमानासाठी एवढा खटाटोप कशाला? खरे विमानसुद्धा आज संगणकातील पत्त्यांवरच उडते, म्हणून. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री अमेरिकन एअरलाइन्सचे एक बोइंग ७५७ विमान मायामीहून कोलंबियातील काली शहराकडे येत होते. वैमानिकांना कालीजवळच्या 'रोझो' या रेडिओ खुणेकडे जायचे होते. नकाशावर तिची खूण 'आर' अशी होती, म्हणून त्यांनी विमानाच्या संगणकात 'आर' हे अक्षर भरले. पण 'आर' अशी दुसरीही एक खूण होती. बोगोटाजवळची 'रोमिओ', दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. संगणकाने 'आर' म्हणजे रोमिओ असे धरले. त्याच्या नोंदींत रोझो हवी असेल तर तिचे पूर्ण नाव लिहावे लागत होते. विमान डावीकडे, डोंगरांच्या दिशेने वळले. चूक ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता. विमानातील १६३ जणांपैकी १५९ जण मृत्यू पावले.

त्या अपघाताची कारणे अनेक होती. घाई होती, रात्र होती, विमान खाली उतरत होते. तरीही त्यांतील एक कारण आपल्या ओळखीचे आहे. अपुरा पत्ता, आणि यंत्राने त्याचा कोणता अर्थ लावला ते पाहून न घेणे. लातूर की लातूर रोड, हा प्रश्न तेथे वेळेवर विचारला गेला नाही.

माझे म्हणणे

आता शिक्षकबंधू-भगिनींना दोन शब्द. तुमची अडचण मला ठाऊक आहे. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, संगणक थोडे आणि मुले पुष्कळ. अशा वेळी पुसून पुन्हा बसवणे सोपे वाटते. कधी कधी ते योग्यही असते. फाइलीच खराब झाल्या असतील तर दुसरा इलाज नाही. पण फाइली खराब झाल्या आहेत हे आधी कळले पाहिजे. ताप आलेल्या प्रत्येकाला एकच गोळी देणारा वैद्य एखादे वेळी रोगी बरा करीलही; पण त्याला रोग कळला असे आपण म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप मुलेच घेतात. "फोनमध्ये नाव टाकलं की फाइल सापडते, सर. पत्ता कशाला पाठ करायचा?" शोधून देण्याची ती सोय चांगली आहे, मीही ती वापरतो. पण ती सोय माणसासाठी आहे. फ्लाइटगियर आपली जमीन साऱ्या संगणकात धुंडाळत बसत नाही, दिलेल्या पत्त्यावरच पाहते. आणि एकाच नावाच्या तीन फाइली सापडल्या तर त्यांतील खरी कोणती, हे शेवटी पत्त्यावरूनच ठरवावे लागते. फोनने फाइलींची जागा आपल्या नजरेआड केली आहे, म्हणून तर हा धडा शाळेत शिकवण्याची गरज वाढली आहे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. संगणकाच्या पहिल्या महिन्यात मुलांना कोणतीही आज्ञावली शिकवण्याआधी फाइलीचा पुरा पत्ता लिहायला, वाचायला आणि त्या पत्त्यावर जायला शिकवा. एक फाइल मुद्दाम दुसरीकडे हलवा आणि ती शोधायला लावा. प्रत्येक संगणकाजवळ एक दोषवही ठेवा. तिच्यात पाच रकाने पुरेत: तारीख, काय दिसले, आज्ञावली कोठे पाहत होती, आपण कोणती एक गोष्ट बदलली आणि मग काय झाले. 'एक गोष्ट' हे शब्द ठळक लिहा. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि काम झाले, तर कशाने झाले ते कळत नाही. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो, तोच हा नियम. आमच्या त्या संगणकाजवळ अशी वही कोणी ठेवली असती, तर 'ई' ची जुनी चिठ्ठी पहिल्याच दुपारी सापडली असती.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या पडद्यावर कधी लातूर, चाकूर किंवा तुमचे गाव समुद्रात बुडालेले दिसले, तर यंत्राला नावे ठेवू नका आणि लगेच पुसायलाही जाऊ नका. ते कोठे पाहते आहे हे आधी त्याला विचारा आणि मग त्या जागी स्वतः जाऊन पाहा. त्या शाळेतील मुलांच्या वहीत नांदेडकडच्या दोन चौकोनांची नोंद झाली आहे. ते फोल्डर आणून योग्य कप्प्यात ठेवले की, त्यांचे विमान अहमदपूरच्या पुढेही जमिनीवरूनच जाईल.